मॉडेल केकसारखं का दिसतं? मकबऱ्याचे डाग, ८० मीटरचा नियम आणि मोबाईलचा कॅमेरा

"दादा, केक कधी कापायचा?"

माझ्या सात वर्षांच्या मामेबहिणीने हे विचारलं, तेव्हा समोर टेबलावर होतं ते मी दीड महिना खपून केलेलं बीबी का मकबऱ्याचं मॉडेल. चार मिनार, मधला घुमट, चौथरा, पायऱ्या, सगळं मापात. रंग शुभ्र पांढरा, एकही डाग नाही, वर चकचकीत वार्निश. घरातले सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री उठून पुन्हा बघितलं तर खरंच केक! वर फक्त चेरी ठेवायची बाकी होती.

माप चुकलं नव्हतं. चुकला होता तो पृष्ठभाग. थ्रीडी प्रिंटर स्वस्त झाल्यापासून आकार मिळवणं सोपं झालंय, पण त्या आकारावर जुनेपणा, दगड, चुना, पाऊस दिसला नाही तर कितीही अचूक मॉडेल खेळणं वाटतं. दुसऱ्या खेपेला मी काय वेगळं केलं ते या लेखात सांगतो. त्यातलं निम्मं काम ब्रशने झालं आणि निम्मं मोबाईलने. मोबाईल साधाच आहे, पंधरा-सोळा हजारांतला.

आधी इमारत नक्की कशाची आहे ते बघा

मी संभाजीनगरचा. मकबरा लहानपणापासून शंभर वेळा पाहिलेला. तरी मला ठाऊक नव्हतं की तो पूर्ण संगमरवरी नाही. भिंतींच्या खालच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर, तिथून वर घुमटाच्या बुडापर्यंत आपला नेहमीचा काळा बेसॉल्ट दगड, आणि घुमट पुन्हा संगमरवराचा. मधल्या काळ्या दगडावर चुन्याच्या बारीक गिलाव्याचा थर देऊन तो इतका घोटलाय की लांबून संगमरवरच वाटावा. नक्षीही बरीचशी त्याच गिलाव्यात उठवलेली.

म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनीसुद्धा पृष्ठभागाचंच काम केलं होतं! औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली. तिच्या या कबरीचा आराखडा अताउल्लाचा आणि बांधकाम हंसपतरायचं, हे मुख्य दरवाजावरच्या लेखात आहे. अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. संगमरवर जयपूरकडच्या खाणींतून आला. तॅव्हर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवर लादलेल्या सुमारे ३०० गाड्या पाहिल्याचं लिहून ठेवलंय, आणि त्यातल्या सगळ्यात लहान गाडीलाही किमान बारा बैल होते. खर्चाचा आकडा सांगतात तो ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे. ताजच्या मानाने हा खर्च फारच कमी, तेव्हा जिथे भागेल तिथे गिलावा.

हा इतिहास मी पानं भरायला सांगत नाहीये. मॉडेल रंगवताना त्याचा थेट उपयोग होतो. संगमरवर आणि चुन्याचा गिलावा ऊनपावसात सारखे म्हातारे होत नाहीत. संगमरवर पिवळसर पडतो, पण त्याची चमक बरीचशी टिकते. गिलावा पाणी पितो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि बुरशी धरते, वाळली की काळी पडते. जिथे गिलाव्याचा पोपडा सुटतो तिथे आतला दगड डोकावतो. असे तीन-चार पृष्ठभाग एकाच पांढऱ्या डब्यातून रंगवले की केक होणारच.

(आपल्या भागात ही गोष्ट जुनीच आहे म्हणा. अजिंठ्याची चित्रंही काळ्या दगडावर नाहीत. दगडावर माती, भुसा, काड्यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात आणि मग रंग. खाली दगड तोच, बघायला मिळते ती वरची कातडी.)

८० मीटरचा नियम

आता गणित. घाबरू नका, गुणाकारच आहे.

माझं मॉडेल १:२०० चं आहे, म्हणजे खऱ्या इमारतीतले २०० मिलिमीटर मॉडेलवर १ मिलिमीटर. हे प्रमाण का घेतलं? मकबऱ्याचं पूर्ण आवार साधारण ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आहे. १:२०० ने बाग आणि भिंतीसकट केलं तर २.२९ मीटर बाय १.३७ मीटर होतं, म्हणजे माझा पलंग द्यावा लागला असता. म्हणून फक्त मधली इमारत आणि चौथरा घेतला. या प्रमाणात १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस साडेआठ मिलिमीटरचा होतो, तांदळाच्या लांब दाण्याएवढा.

मॉडेल आपण किती अंतरावरून बघतो? साधारण ४० सेंटीमीटर. त्याला २०० ने गुणा. ८० मीटर. म्हणजे टेबलावर वाकून मॉडेल बघणारा माणूस खऱ्या मकबऱ्यासमोर ८० मीटरवर उभा असल्यासारखा आहे. त्यामुळे प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारायचा: हे ८० मीटरवरून दिसतं का?

माणसाच्या चांगल्या डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. ८० मीटरवर हे होतात सुमारे २.३ सेंटीमीटर. त्याहून बारीक असेल ते त्या अंतरावरून एकमेकांत मिसळून जातं. मॉडेलवर ही हद्द आहे ०.१२ मिलिमीटर, केसापेक्षा किंचित जाड.

एवढ्या एका आकड्याने माझ्या पहिल्या मॉडेलच्या सगळ्या चुका उघड्या पडल्या. मी संगमरवराच्या फरश्यांचे सांधे ०.३ मिलिमीटरच्या काळ्या पेनने आखले होते. २०० ने गुणलं तर सहा सेंटीमीटर रुंद सांधा. असा सांधा कोणता गवंडी ठेवेल? खरा सांधा काही मिलिमीटरचा, तो ८० मीटरवरून दिसायलाच नको. भिंतीवर भेगा काढल्या होत्या, त्या मापाने बघितल्या तर त्यातून मांजर गेलं असतं. उलट जे त्या अंतरावरून ठळक दिसतं, म्हणजे ओघळ, डाग, दोन फरश्यांच्या रंगातला फरक, छज्जाखालची सावली, ते मी काढलंच नव्हतं. जे माहीत होतं ते काढलं आणि जे दिसतं ते सोडलं.

मग एका रविवारी मकबऱ्यात गेलो. चौथऱ्यापासून मधल्या वाटेने कारंज्यांच्या रांगेकडे पाठीमागे चालत ११० पावलं मोजली, अंदाजे ८० मीटर. आधी गुगल अर्थवर मोजपट्टी लावून अंतर ताडून बघितलं होतं. तिथे उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि जे दिसलं ते मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिलं. यादीत सात गोष्टी आल्या. भेग एकही नव्हती.

मेगापिक्सेल पुरेत, प्रकाश हवा

आता फोटो. इथे सगळे आधी विचारतात, "१०८ मेगापिक्सेलचा घेऊ का ५० चा?" हिशोब करा. खरी १० मीटरची भिंत मॉडेलवर ५० मिलिमीटर होते. तिचं टेक्स्चर ३०० डीपीआयला छापायला जेमतेम ५९० पिक्सेल रुंदी लागते. १२ मेगापिक्सेलचा साधा फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो. शिवाय ३०० डीपीआयला छापलेला एक ठिपका खऱ्या मापात १.७ सेंटीमीटरचा, म्हणजे आपल्या २.३ च्या हद्दीच्या आत. जुना फोनसुद्धा पुरून उरतो.

अडचण येते ती प्रकाशाची. उन्हात काढलेल्या फोटोत प्रत्येक उठावाची सावली छापून येते. हे चित्र मॉडेलवर चिकटवलं आणि खोलीतला दिवा दुसऱ्या बाजूला असला की एकाच नक्षीला दोन सूर्य होतात. डोळ्याला लगेच कळतं की काहीतरी खोटं आहे, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. म्हणून टेक्स्चरचे फोटो ढगाळ दिवशी काढायचे. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर यासाठी उत्तम. आभाळ भरलं की पूर्ण आकाश एक मोठा दिवा होतं आणि सावल्या जवळजवळ पुसल्या जातात.

दुसरी खोड पांढऱ्या रंगाची. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्याच्या जवळ आणायला बघतं. पूर्ण फ्रेममध्ये पांढरी भिंत असेल तर फोटो मळकट येतो. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग शेजारचा सूर्याचा आयकॉन थोडा वर सरकवा. कडक उन्हात याच्या उलट. तिथे पांढरा फाटतो, डाग नाहीसे होतात, म्हणून एक्स्पोजर खाली. आणि एक फोटो पांढरा ए-फोर कागद हातात धरून भिंतीजवळ काढाच. घरी आल्यावर कागद आणि भिंत शेजारी ठेवून बघा. ज्याला आपण पांढरा म्हणत होतो तो संगमरवर कागदाशेजारी दुधावरच्या सायीसारखा दिसतो. माझ्या केकचा रंग चुकला तो नेमका इथे. मी कागद रंगवला होता.

०.५ एक्सची वाइड लेन्स वापरू नका, कडेच्या रेषा वाकतात. १ एक्स ठीक, २ एक्स असेल तर उत्तम, आणि भिंतीसमोर सरळ उभं राहायचं. तरी थोडा तिरपेपणा येतोच. तो स्नॅपसीडच्या पर्स्पेक्टिव्ह टूलमध्ये निघतो. ब्यूटी, सीन ऑप्टिमायझर, एआय वगैरे जे काही चालू असेल ते बंद करा. हे फीचर गिलाव्याचा खरखरीतपणा डाग समजून गुळगुळीत करतं किंवा नसलेल्या कडा धारदार करून देतं. प्रो मोडमध्ये रॉ फोटोची सोय असेल तर तीच वापरा. आणि ट्रायपॉड, ड्रोन वगैरे परवानगीशिवाय नेऊ नका. हातातला फोन पुरतो.

डाग ॲपला आवडतात

फोटोवरून थेट थ्रीडी मॉडेल करणारी ॲप आता फोनवर मिळतात. रिअ‍ॅलिटीस्कॅन, पॉलिकॅम, किरी इंजिन ही त्यातली नावाजलेली. यामागच्या तंत्राला फोटोग्रामेट्री म्हणतात. एकच खूण दोन-तीन फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसली की ती खूण जागेत नेमकी कुठे आहे हे सॉफ्टवेअर गणिताने काढतं. अशा हजारो खुणा जोडल्या की आकार तयार. आपले दोन डोळे अंतर ओळखतात तेच तत्त्व, फक्त डोळे दोनाऐवजी ऐंशी.

मी आधी संगमरवरी पट्ट्याचं स्कॅन केलं. निकाल म्हणजे वितळलेलं आइस्क्रीम. मग गिलाव्याच्या, डाग पडलेल्या, पोपडे सुटलेल्या भागाचं केलं, तर ते सुरेख आलं. कारण साधं आहे. गुळगुळीत, चमकणाऱ्या, एकरंगी भिंतीवर सॉफ्टवेअरला पकडायला खूणच नसते, आणि चमक तर तुमच्याबरोबर सरकते. ज्या डागांकडे आपण घाण म्हणून बघतो, त्यांच्या आधारानेच ॲप भिंत ओळखतं.

काढताना एका जागी उभं राहून फोन फिरवायचा नाही. भिंतीला समांतर एकेक पाऊल सरकत जायचं, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण ७० टक्के भाग पुन्हा यायला हवा. एका कमानीला ६०-८० फोटो लागतात. हे फोटो बहुतेक वेळा ॲपच्या सर्व्हरवर चढतात, ८० फोटो चार एमबीचे धरले तर ३२० एमबी झाले. वायफाय गाठा. मिनारांचे वरचे भाग जमिनीवरून दिसत नाहीत, तिथे स्कॅनमध्ये भोकं पडतात. ती हाताने बुजवायची.

आणखी एक. साध्या फोटोंवरून ॲपला आकार कळतो, माप कळत नाही. समोरची कमान दहा मीटरची की दहा सेंटीमीटरची, त्याला सगळं सारखंच. म्हणून एक तरी खरं माप घ्या, उदाहरणार्थ पायरीची उंची टेपने मोजा आणि स्कॅनमध्ये तीच पायरी येऊ द्या. महागड्या आयफोनमध्ये लायडार असतो, तो माप देतो, पण त्याची पोच पाच मीटरच्या आसपास. ८० मीटरच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही.

प्रिंटरचीही हद्द लक्षात ठेवा. आमच्या गल्लीतल्या मित्राकडे साधा एफडीएम प्रिंटर आहे. त्याचा थर ०.२ मिलिमीटरचा. गुणा २००, म्हणजे घुमटावर चार-चार सेंटीमीटरच्या कडा. हे ८० मीटरवरूनही दिसतं, घुमट गोगलगायीच्या शंखासारखा वाटतो. रेझिन प्रिंटरचा थर ०.०५ मिलिमीटर, म्हणजे एक सेंटीमीटर, तो खपून जातो. माझ्याकडे रेझिन प्रिंटर नव्हता, म्हणून वॉल पुट्टीचा पातळ हात दिला आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो. आधी २२० नंबर, मग ४००, मग ६००. दोन संध्याकाळी गेल्या. हे काम कंटाळवाणं आहे, दुसरा मार्ग नाही. प्रिंटर नसेल तर थर्माकोलचा गोळा आणि सनबोर्डही चालतो. पुढचं काम तेच.

आता ब्रश

औरंगपुऱ्यातून आणलेलं सामान सांगतो: पांढरा, काळा, यलो ऑकर, बर्न्ट अंबर आणि हिरवा असे पाच ॲक्रिलिक रंग, शून्य आणि चार नंबरचे ब्रश, मॅट आणि सॅटिन वार्निश, करड्या आणि तपकिरी सॉफ्ट पेस्टलच्या दोन कांड्या. घरून जुना टूथब्रश, स्पंजचा तुकडा आणि भांडी घासायचं लिक्विड.

सगळ्यावर आधी मळकट करड्या प्राइमरचा स्प्रे. त्यावर संगमरवराच्या भागाला पांढऱ्यात यलो ऑकरचा अगदी टाचणीच्या टोकाएवढा थेंब आणि नखभर करडा. सांधे आखायचे नाहीत. त्याऐवजी त्या रंगाच्या तीन छटा करायच्या, एक किंचित पिवळी, एक किंचित करडी, एक मूळ, आणि फरशीएवढे चौकोन मधूनमधून वेगळ्या छटेने भरायचे. अर्ध्या मीटरची फरशी धरली तर मॉडेलवर अडीच मिलिमीटरचा चौकोन. फरक इतका कमी की शेजारून बघताना तुम्हालाच शंका यावी. लांब गेलात की भिंत फरश्यांची दिसू लागते, एकही रेघ न मारता.

गिलाव्याचा भाग थोडा थंड पांढरा आणि पूर्ण मॅट. नक्षीचा उठाव खऱ्यात दोन सेंटीमीटर धरला तर मॉडेलवर ०.१ मिलिमीटर होतो, तो माझ्या मित्राचा प्रिंटर काढूच शकत नाही. तिथे ढगाळ दिवसाचा फोटो पातळ कागदावर छापून, मागून पॉलिश पेपरने आणखी पातळ करून, पाणी घातलेल्या फेविकॉलने चिकटवला. प्रिंट लेझर प्रिंटरवरच काढा. इंकजेटची शाई फेविकॉलच्या पाण्यानेच पसरते. माझी पहिली कमान अशी निळी-जांभळी झाली होती.

मग येतात ओघळ. मला सगळ्यात मजा इथे आली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काळा, बर्न्ट अंबर आणि कणभर हिरवा एकत्र करून पाण्याने इतका पातळ करायचा की कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. त्याने पाण्याचा ताण मोडतो आणि रंग थेंब धरून न बसता कोपऱ्यांत शिरतो. याला मॉडेलवाले वॉश म्हणतात. आधी पूर्ण गिलाव्यावर एक हात, आणि लगेच स्पंजने वरचा टिपून घ्यायचा. खाचांमध्ये जो राहतो तो राहू द्यायचा. वाळल्यावर ओघळ. आता पाण्याचा विचार करायचा, रंगाचा नाही. पाणी कुठून येईल? घुमटावरून घसरून कडेला, कडेच्या टोकावरून खाली. छज्जाच्या बरोबर खाली भिंत कोरडी आणि स्वच्छ असते, ओघळ सुरू होतो तो छज्जा जिथे संपतो तिथे, किंवा जिथे सांधा गळतो तिथे. त्या जागी गडद ठिपका ठेवायचा आणि पाण्यात बुडवून टिश्यूवर टिपलेल्या स्वच्छ ब्रशने तो सरळ खाली ओढायचा. वर गडद, खाली फिका. सगळे ओघळ सारख्या लांबीचे नकोत, नाहीतर झेब्रा होतो. आणि तिरपा तर एकही नको. मी एक तिरपा काढला होता, तो पुसायला अर्धा तास गेला, कारण बघणाऱ्याची नजर सगळं सोडून तिथेच जात होती.

शुद्ध काळा कुठेच वापरू नका, पोपडा सुटून दगड दिसतो तिथेही नाही. घरातल्या ट्यूबखाली गडद रंग उन्हापेक्षा जास्तच गडद वाटतात. बेसॉल्टसाठी काळ्यात पांढरा आणि थोडा तपकिरी घालून शिशासारखा करडा करा. पोपड्याच्या वरच्या कडेला शून्य नंबरने पांढरी बारीक रेघ मारली की गिलाव्याला जाडी आल्यासारखी वाटते. चौथऱ्याच्या दगडाला ड्राय ब्रश: ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ पूर्ण पुसून टाकायचा आणि उरलेला कडांवरून हलकेच फिरवायचा. पायऱ्यांवर, माणसांची पावलं पडतात तिथे पेस्टलची पूड बोटाने घासली. शेवटी गिलाव्याला मॅट वार्निश आणि फक्त संगमरवराला सॅटिन. रंग जवळपास सारखेच असूनही दोन पृष्ठभाग वेगळे झाले ते या शेवटच्या हाताने, कारण एकावर दिवा किंचित चमकतो आणि दुसऱ्यावर नाही.

तपशिलाने आकार मोठा वाटतो ही युक्ती सिनेमावाल्यांची जुनी. १९७७ च्या पहिल्या स्टार वॉर्सची अवकाशयानं ही मॉडेलंच होती, आणि ती मैलभर लांब वाटावीत म्हणून त्यांच्यावर बाजारातल्या रणगाड्यांच्या वगैरे प्लास्टिक किटचे सुटे भाग चिकटवले होते. आपण दिवाळीच्या किल्ल्यावर मोहरी पेरतो ते काय वेगळं? फक्त तिथेही माप बघायला हवं. तीन सेंटीमीटर वाढलेली मोहरी १:२०० ला सहा मीटरचं झाड होते, गवत नाही.

"काळा कशाला केलास?"

हे दुसरं मॉडेल एका शाळेच्या प्रदर्शनात ठेवलं. एक काका बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "चांगलं केलंस, पण आपल्या गावाची शान आहे ती. काळा कशाला केलास? बाहेरचे लोक येतात बघायला."

मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. पण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लोकांच्या मनातला मकबरा पांढराच आहे, आणि ज्याने बांधवला त्यालाही तो पांढराच दिसायला हवा होता. डाग काढले तर इमारतीची बदनामी, नाही काढले तर केक. मला काय बोलावं कळेना. तेवढ्यात त्यांनीच खिशातून फोन काढला आणि जानेवारीत भरदुपारी काढलेला मकबऱ्याचा फोटो दाखवला. पांढरा शुभ्र, मागे निळं आकाश. "हे बघ."

मी माझा ऑगस्टमधला फोटो काढून शेजारी धरला. माझ्या फोटोत भिंती ओल्या, ओघळ दुप्पट गडद, कडांना हिरवट झाक. मग त्यांच्याच फोटोत मिनारावर झूम केलं. उन्हाने पांढरा फाटला होता, तरी ओघळ होते, जागा त्याच, फक्त फिके. काकांनी चष्मा वर करून दोन्ही फोन आलटून पालटून बघितले. "म्हणजे हा पावसातला आहे होय," ते म्हणाले. मग पुन्हा मॉडेलकडे वळून त्यांनी पोपडा सुटलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आत काळा दगड आहे? मला वाटलं होतं सगळा संगमरवर."

त्या दिवशी संध्याकाळी मी मॉडेलपुढे एक चिठ्ठी लावली: "बीबी का मकबरा, १:२००, ऑगस्टमधला, ८० मीटरवरून." पृष्ठभाग रंगवायचा म्हणजे एक दिवस निवडावाच लागतो, हे मला आधी सुचलं नव्हतं. आता मी फोटोंच्या फोल्डरला नाव देतानाही महिना आणि वर्ष घालतो. दर पावसाळ्यानंतर त्याच ११० पावलांवर उभं राहून एक फोटो काढतो. गिलावा कुठे सुटला, कुठे नव्याने लावला, हे दोन फोटो एकावर एक ठेवले की दिसतं.

तुमचं मॉडेल झालं की एक तपासणी करा. फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा टेबलाला टेकेल आणि लेन्स साडेआठ मिलिमीटरच्या माणसाच्या डोळ्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी येईल. खोलीतला दिवा बंद करा आणि खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या. त्या फोटोत जाड सांधा, तिरपा ओघळ, चुकीची चमक, सगळं पकडलं जातं. मी असा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, काही न लिहिता. मामेबहिणीचा व्हॉइस मेसेज आला, "तुम्ही मकबऱ्याला गेलात आणि मला नेलं नाही?"